मद : हत्तीचा, मद्याचा आणि माणसाचा

सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात येऊन गेला, तेव्हा इथे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथल्या माणसांचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. उपकाराची जाण ठेवणारी, अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारी, अडचणीत कोणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावणारी ही माणसे आहेत, असे तो सांगतो. पुढे तो इथल्या लढाईची एक पद्धत नोंदवतो. राजाच्या पदरचे निवडक वीर रणात उतरण्याआधी मद्य पितात आणि हत्तींनाही मद्य पाजले जाते. मग धुंद वीर आणि धुंद हत्ती एकदम शत्रूवर तुटून पडतात. या बळावरच हा राजा शेजारच्या राज्यांना जुमानत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे.

त्या वीरांची नशा, हत्तींचा उन्मत्तपणा, दोघांनी प्यालेले पेय आणि राजाची गुर्मी या चारही गोष्टींना संस्कृतात एकच शब्द चालतो : मद. संस्कृत कोश उघडला तर या शब्दापुढे अर्थांची मोठी रांग दिसते. आनंद, उत्साह, नशा, मद्य, मध, कामवासना, गर्व, वीर्य, कस्तुरी आणि हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा द्राव, असे सगळे अर्थ एका शब्दात नांदतात. कस्तुरीला ‘मृगमद’ म्हणतात ते यामुळेच.

पहिल्या नजरेला ही यादी विस्कळीत वाटते. पण नीट पाहिले तर तिच्यामागे एकच निरीक्षण आहे. आतले काहीतरी भरून येते, काठ ओलांडून वाहू लागते आणि ओसरेपर्यंत त्या देहाचा ताबा घेते. ही अवस्था जुन्या लोकांना सोम पिणाऱ्यात दिसली, दारू पिणाऱ्यात दिसली, वसंतातल्या कोकिळेत दिसली, सत्ता आणि संपत्ती मिळालेल्या माणसात दिसली. सर्वांत ठसठशीत रूपात ती हत्तीत दिसली. हे सूत्र हाती धरले की हत्तीचा मद म्हणजे वेड नव्हे हे कळते, आणि माणसाच्या मदाला शत्रू का म्हटले तेही कळते.

आनंदापासून नशेपर्यंत

‘मद्’ या धातूचा अर्थ धातुपाठात ‘हर्ष’ असा दिला आहे. म्हणजे शब्दाच्या मुळाशी आनंद आहे, दोष नाही. ऋग्वेदात मद हा शब्द सर्वाधिक शोभतो तो सोमाच्या संदर्भात. ऋग्वेदाचे नववे मंडल, म्हणजे ११४ सूक्ते, पूर्णपणे सोमाला वाहिलेले आहे. सोम प्याल्यावर इंद्राला जो मद चढतो त्याच्या जोरावर तो वृत्राला मारतो आणि अडलेले पाणी मोकळे करतो. कवीला स्फुरण चढते तेही याच मदाने. तिथे मद म्हणजे पराक्रमाची आणि प्रतिभेची भरती आहे.

पण त्याच ऋग्वेदात सुरा पिऊन भांडणाऱ्यांसाठी ‘दुर्मद’ असा वेगळा शब्द आला आहे. वरुणाच्या एका सूक्तात तर माणसाला वाकड्या वाटेला नेणाऱ्या गोष्टींत सुरा, क्रोध आणि द्यूत यांची नावे एकत्र येतात. मदाला चांगली आणि वाईट अशा दोन बाजू आहेत, ही जाणीव इतकी जुनी आहे.

याच धातूच्या कुळात ‘मत्सर’ हा शब्द आहे, हे कळल्यावर अनेकांना आश्चर्य वाटेल. ऋग्वेदात मत्सर हे सोमाचे विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘आनंद देणारा, चढणारा’ असा आहे. पुढे तो हावरेपणाकडे आणि शेवटी हेव्याकडे झुकला. षड्रिपूंच्या यादीत शेवटी शेजारी शेजारी बसलेले मद आणि मत्सर मुळात असे एकाच घरातले आहेत. मद्य, मदिरा, मादक, मत्त, उन्माद, प्रमाद आणि मदन ही बाकीची भावंडे. मदन म्हणजे मदात आणणारा, म्हणून ते कामदेवाचे नाव झाले. धोतऱ्याला संस्कृतात ‘उन्मत्त’ हे नाव पडले ते त्याच्या विषारी गुणामुळे.

च्यवनाचा राक्षस

मदाचे दुहेरी रूप ओळखून महाभारताने त्याची एक कथाच सांगितली आहे. वनपर्वातल्या या कथेत म्हाताऱ्या च्यवन ऋषींना अश्विनीकुमार तारुण्य परत देतात. त्याची परतफेड म्हणून च्यवन शर्याती राजाच्या यज्ञात अश्विनींना सोमाचा भाग देऊ लागतात. अश्विनी हे माणसांत वावरणारे वैद्य, त्यांना सोम कसला, असे म्हणून इंद्र वज्र उगारतो. तेव्हा च्यवन इंद्राचा हात जागच्या जागी गोठवतात आणि तपोबळाने एक प्रचंड असुर निर्माण करतात. त्याचे नाव मद. त्याचा एक जबडा जमिनीला आणि दुसरा आकाशाला भिडलेला. तो इंद्राला गिळायला धावतो आणि देवांचा राजा शरण येतो.

कथेचा खरा गाभा यानंतर आहे. काम झाल्यावर या राक्षसाचे करायचे काय? च्यवन त्याला मारत नाहीत. ते त्याचे चार भाग करतात आणि मद्यपान, स्त्रिया, द्यूत आणि शिकार या चार ठिकाणी वाटून टाकतात. नेमकी हीच चार व्यसने कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाची कामज व्यसने म्हणून सांगितली आहेत आणि मनुस्मृतीतही ती सर्वांत घातक ठरवली आहेत. त्या काळच्या राजवाड्यातल्या पुरुषाच्या नजरेतून ही यादी झाली आहे, हे उघड आहे. पण मद नष्ट होत नाही, तो विभागून जगात राहतो, ही त्यामागची समजूत आजही खरी आहे.

गणपतीची उपासना करणाऱ्यांना याचा पुढचा अध्याय ठाऊक असेल. मुद्गलपुराणात गणेशाचे आठ अवतार आठ असुरांना जिंकतात. त्यांपैकी एकदंत हा मदासुराला जिंकतो आणि वक्रतुंड मत्सरासुराला. ज्या प्राण्याच्या गंडस्थळातून मद वाहतो, त्याच प्राण्याचे मस्तक धारण करणारा देव मदाला नमवतो.

वैद्याचा मद आणि नटाचा मद

पुराणकारांनी राक्षस केला त्या मदाकडे वैद्यांनी लक्षणे म्हणून पाहिले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २४वा अध्याय मदात्ययावर, म्हणजे दारूच्या अतिरेकाने होणाऱ्या विकारांवर आहे. त्यात मदाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मन प्रसन्न होते, गाण्यात आणि बोलण्यात रस वाटतो, भूक आणि झोप नीट राहते. दुसरीवर आठवण गोंधळते, जीभ अडखळते, पाय लटपटतात. तिसरीवर माणूस मोडून पडलेल्या लाकडासारखा निश्चेष्ट होतो. चरक मद्याला सरसकट विष म्हणत नाहीत. अन्नही रीत सोडून घेतले तर मारते, आणि मद्यही रीत, प्रमाण, वेळ आणि स्वतःचे बळ पाहून घेतले तर बाधत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. दुसऱ्या पायरीपलीकडे मात्र कोणत्याही शहाण्याने जाऊ नये, असे ते बजावतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशी एक चढती मालिका येते. तिथे मद म्हणजे शुद्ध ढासळण्याची पहिली खूण. म्हणजे दारू न पिता, निव्वळ रक्त आणि दोष बिघडल्यामुळेही मद येतो, असे वैद्यांना वाटत होते.

भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव आहेत, त्यांत मद आहे. भरताने नटांसाठी मदाचेही तीन टप्पे सांगितले : तरुण, मध्य आणि अवकृष्ट. दारू चढल्यावर वरच्या प्रकृतीचा माणूस झोपी जातो, मधल्या प्रकृतीचा हसतो आणि गातो, खालच्या प्रकृतीचा शिव्या देतो आणि रडतो, असा फरक तो करतो. मद्य सर्वांना सारखेच चढते, पण वाहते ते ज्याच्या आत जे साठले असेल ते, हा त्यातला अर्थ.

हत्तीचे शब्द

आता हत्तीकडे येऊ. अमरकोशात हत्तीच्या मदासाठी जेवढे शब्द एकत्र सापडतात, त्यावरून हे निरीक्षण किती जवळून झाले होते ते दिसते. हत्तीचा गाल म्हणजे गंड किंवा कट. त्यातून झरणारा द्राव म्हणजे मद किंवा दान. मद सुरू झालेला हत्ती ‘प्रभिन्न’, म्हणजे फुटलेला, बांध फुटावा तसा. त्यालाच ‘मत्त’ आणि ‘गर्जित’ असेही म्हणतात. मद ओसरलेल्या हत्तीसाठी ‘उद्वान्त’ आणि ‘निर्मद’ असे स्वतंत्र शब्द आहेत. ज्याच्या मदाच्या नुसत्या वासाने दुसरे हत्ती पळतात तो ‘गंधगज’. मद येतो, राहतो आणि जातो हे या शब्दांनी गृहीत धरले आहे.

‘दान’ या शब्दाने कवींना मोठा खजिना दिला. दान म्हणजे देणगी आणि दान म्हणजे हत्तीचा मद. ‘कर’ म्हणजे हात आणि कर म्हणजे सोंड. त्यामुळे ज्याचा कर सदैव दानाने ओला आहे असा राजा, हे वर्णन एकाच वेळी दानशूर राजाला आणि मदमस्त हत्तीला लागू पडते. संस्कृत काव्यात आणि राजांच्या प्रशस्तींत हा श्लेष पुन्हापुन्हा भेटतो.

हत्तींच्या शास्त्राचा आद्य आचार्य म्हणून पालकाप्य मुनींचे नाव घेतले जाते. अंग देशाचा राजा रोमपाद आणि पालकाप्य यांच्या संवादाच्या रूपात असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९४ साली छापला. केरळातल्या नीलकंठाच्या ‘मातंगलीला’ या छोट्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद फ्रँकलिन एजर्टन यांनी १९३१ साली केला. या परंपरेत मद हे हत्तीच्या आरोग्याचे आणि भर वयाचे लक्षण मानले आहे. उपाशी, आजारी, खंगलेल्या हत्तीला मद येत नाही, हे माहुतांना पक्के ठाऊक होते.

कालिदास हे सगळे जाणून होता. मेघदूतात तो मेघाला नर्मदेचे पाणी प्यायला सांगतो, तेव्हा रानहत्तींच्या मदाचा वास लागलेले पाणी अशी त्याची ओळख करून देतो. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू दिग्विजयाला निघतो तो शरद ऋतू आहे. सप्तपर्णाच्या फुलांचा मदासारखा उग्र वास हत्तींना येतो, जणू कोणी प्रतिस्पर्धी मद गाळतो आहे असे त्यांना वाटते आणि तेही ईर्ष्येने सात ठिकाणांहून मद गाळू लागतात. सप्तपर्ण म्हणजे आपली सातवीण. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर ती भरपूर लावलेली आहे, आणि दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळी तिचा जड, डोके धरणारा वास गल्लीभर पसरतो. ज्यांनी हत्तीचा मद कधी पाहिलेला नाही त्यांना कालिदासाची ही उपमा नाकाने तपासता येते.

भुंगे आणि मधाचा वास

हत्तीच्या गंडस्थळावर मदाच्या लोभाने भुंगे घोंघावतात, हा संस्कृत काव्यातला ठरलेला संकेत. गणपतीच्या ध्यानश्लोकांतही ते भुंगे आहेत. ही निव्वळ कविकल्पना असे आजवर अनेकांनी मानले. पण २००२ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत रासमुसेन, रिडल आणि व्ही. कृष्णमूर्ती यांचा एक छोटा शोधनिबंध आला. कृष्णमूर्ती हे तमिळनाडूच्या वनखात्यातले नामवंत पशुवैद्य. आशियाई हत्तीचा कोवळ्या वयातला मद गोड, मधासारख्या वासाचा असतो आणि त्यातली काही रसायने मधातही सापडतात, असे त्यांनी दाखवले. वय वाढत जाते तसा हा वास बदलतो आणि प्रौढ नराचा मद उग्र, दुर्गंधी होतो. प्रौढ नराच्या मदात ‘फ्रॉन्टॅलिन’ नावाचे एक संदेशवाहक रसायनही सापडते. झाडांच्या सालीत राहणारे काही भुंगेरे हेच रसायन आपल्या जातीला संदेश देण्यासाठी वापरतात.

या वासांचा उपयोग काय? तरुण हत्तीचा गोड वास मोठ्या नरांना सांगतो की मी अजून लहान आहे, माझ्याशी लढायला येऊ नका. प्रौढाचा उग्र वास सांगतो की मी भर मदात आहे, वाट सोडा. मादीलाही त्यातून नराची अवस्था कळते. गंधगजाची कल्पना अशी अक्षरशः खरी ठरते.

मद शरीरात कसा चढतो

हत्तीच्या डोळ्याच्या आणि कानाच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, कातडीखाली एक एक ग्रंथी असते. एरवी ती निजलेली असते. मदाच्या काळात ती सुजते आणि तिच्यातून काळपट, चिकट द्राव गालावरून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत ओघळतो. त्याच वेळी लघवी थेंबथेंब सतत गळू लागते, मागचे पाय आतून ओले राहतात. वागणे बदलते. हत्ती अस्वस्थ होतो, दूरदूर भटकतो, कमी खातो आणि कोणाचे ऐकत नाही.

हे सगळे घडते ते टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या उसळीने. श्रीलंकेतल्या हत्तींवर जैनुदीन, कटोंगोले आणि शॉर्ट यांनी १९७२ साली केलेल्या अभ्यासात मद नसताना दर मिलिलिटर रक्तद्रवात हे संप्रेरक ०.२ ते १.४ नॅनोग्रॅम होते. भर मदात ते २९.६ ते ६५.४ नॅनोग्रॅमपर्यंत गेले. कोणत्याही प्राण्याच्या शरीरात इतका मोठा चढउतार क्वचितच होतो.

मदाला सरसकट विणीचा हंगाम म्हणणेही पुरते बरोबर नाही. हरणांचे सगळे नर एकाच ऋतूत माजावर येतात. हत्तीत तसे नसते. प्रत्येक प्रौढ नराची मदाची वेळ आपापली असते, आणि ती साधारण वर्षातून एकदा येते. विशीच्या आसपास सुरुवात होते तेव्हा मद काही दिवसच टिकतो. भर वयात तो दोन-तीन महिने राहू शकतो. सुळे नसलेल्या मखना नरालाही तो येतो. मद नसतानाही नर मादीशी जुगू शकतो, पण मदातल्या नराला इतर नर वाट देतात आणि माद्याही त्यालाच पसंत करतात.

या रचनेमागे हत्तीच्या आयुष्याचे गणित आहे. मादीची गर्भावस्था सुमारे २२ महिन्यांची. पिल्लाला दूध पाजण्याची वर्षे धरली तर दोन बाळंतपणांत चार-पाच वर्षांचे अंतर पडते. एवढ्या काळात ती माजावर येते ते मोजके दिवस. अशी मादी विस्तीर्ण रानात शोधायची तर नराला काही काळ सगळे बाजूला ठेवून भटकावे लागते आणि वाटेत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला मागे सारावे लागते. हे काम शरीराला फार महाग पडते. हत्ती वाळतो, थकतो, आणि साठा संपला की मद ओसरतो. धडधाकट शरीरालाच हा खर्च झेपतो. पालकाप्याच्या परंपरेने मदाला आरोग्याचे लक्षण म्हटले ते म्हणूनच योग्य होते.

आफ्रिकी हत्तीला मद येतच नाही, असे मात्र शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. तिथे माद्यांच्या गालावरूनही द्राव वाहतो, त्यामुळे खूण गोंधळात टाकणारी होती. केनियातल्या अंबोसेली इथे काम करणाऱ्या जॉयस पूल आणि सिंथिया मॉस यांना काही नरांचे लिंग हिरवट दिसले, तेव्हा त्यांना आधी तो रोग वाटला. १९८१ साली त्यांनी ‘नेचर’मधून दाखवून दिले की तो मदच आहे.

मस्त, मस्ती आणि माज

इंग्रजीतही आज या अवस्थेला ‘मस्त’ असाच शब्द आहे. तो गेला फारसी-उर्दूतून. फारसी ‘मस्त’ आणि संस्कृत ‘मत्त’ हे एकाच प्राचीन धातूपासून झालेले सख्खे भाऊ. इराणी लोकांच्या अवेस्तेतही ‘मद’ हा शब्द नशेच्या अर्थाने आहे. अकबराच्या दरबारात अबुल फजलने हत्तींचे सात वर्ग लावले, त्यांत पहिला वर्ग ‘मस्त’ हत्तींचा. अकबर स्वतः मदावरच्या हत्तीवर बसत असे. हवाई नावाच्या हत्तीवर बसून त्याने रणबाघ या दुसऱ्या हत्तीला यमुनेवरच्या नावांच्या पुलावरून पळवत नेले, तो प्रसंग १५६१ सालचा आहे आणि अकबरनाम्याच्या चित्रात तो अमर झाला आहे.

आपल्याकडे कोल्हापूर आणि बडोदा संस्थानांत मस्तीवर आलेल्या हत्तीला डिवचून त्याच्याशी झुंजण्याचा खेळ होता, तो साठमारी. आज वर्तमानपत्रात सत्तेची साठमारी रोज वाचायला मिळते. तिच्या मुळाशी असे मदातले हत्ती आहेत.

मराठीने या कुळातले शब्द तीन वाटांनी घेतले. मद तसाच संस्कृतातून आला. प्राकृताच्या वाटेने ‘माजणे’ आणि ‘माज’ आले, ‘मत्त’पासून ‘मातणे’ आले. फारसीतून मस्त आणि मस्ती आली. गोठ्यात म्हैस माजावर आली म्हणजे शेतकऱ्याला आनंदाची बातमी; माणसाला माज आला म्हणजे गावाला त्रास. जनावराचा माज हा निसर्गाचा क्रम आणि माणसाचा माज हा दोष, हा फरक मराठी बोलीने अचूक टिपला आहे.

माणसाचा मद

या फरकाचा विचार भारतातल्या अनेक परंपरांनी केला. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो की विद्या, धन आणि कुळ या तीन गोष्टी गर्विष्ठांना मद होतात आणि सज्जनांना दम, म्हणजे संयम. अक्षरे तीच, क्रम उलटा. जैन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत : ज्ञान, पूजा, कुळ, जाती, बळ, समृद्धी, तप आणि रूप. या यादीत ज्ञान आणि तपही आहे, ही तिची सर्वांत मोठी ताकद. चांगल्या गोष्टीही साठल्या की चढतात.

बौद्धांचे पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. महाराष्ट्रात लाखो घरांत ते पंचशीलात म्हटले जाते. त्यात मद्य सोडण्याचे कारणही आहे : मद्य हे प्रमादाचे स्थान आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, याच धातूचा शब्द. त्याच्या उलट ‘अप्पमाद’, म्हणजे जागरूकता. धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्पमादावर आहे आणि बुद्धांच्या अखेरच्या उपदेशातही हाच शब्द आहे.

बुद्धांच्या चरित्रात हत्तीचा मद आणि मद्याचा मद एकत्र येतात. देवदत्त नालागिरी या क्रूर हत्तीला दारू पाजून राजगृहाच्या रस्त्यावर सोडतो. लोक पळतात, हत्ती बुद्धांवर धावून येतो, आणि त्यांच्या मैत्रीभावाने शांत होऊन पायाशी बसतो. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात हा प्रसंग रंगवलेला आहे. तिथे जाल तेव्हा तो जरूर शोधून पाहा.

हत्तीच्या आणि माणसाच्या मदातला निर्णायक भेद इथे दिसतो. हत्तीच्या मदाला शरीराची मर्यादा आहे. संप्रेरक उतरते, साठा संपतो, हत्ती निर्मद होतो. सत्तेचा, पैशाचा, जातीचा मद आपोआप उतरत नाही. उलट तो स्वतःवरच पोसला जातो. म्हणून त्याच्यासाठी दम आणि अप्पमाद लागतात.

वडीलधाऱ्यांचा धाक

हत्तीच्या मदालाही समाजाचा आवर असतो, हे दाखवणारी एक घटना दक्षिण आफ्रिकेत घडली. पिलानेसबर्ग अभयारण्यात अनाथ पिल्ले आणून सोडली होती. ती मोठी झाली तेव्हा रानात एकही वयस्क नर नव्हता. तरुण नरांना वेळेआधी मद आला आणि तो लांबला. १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी ४०हून अधिक गेंडे मारले. १९९८ साली क्रुगर अभयारण्यातून सहा मोठे नर आणले, आणि तरुणांचा मद आटोक्यात येऊन गेंड्यांचे मरण थांबले. मोठ्या नरासमोर छोट्याचा मद ओसरतो, हे आता सर्वमान्य आहे.

माणसाच्या ताब्यातल्या हत्तीला मात्र असा कळप नसतो. मदाच्या महिन्यांत त्याला साखळदंडाने एकाच जागी बांधून ठेवतात आणि मद लवकर उतरावा म्हणून त्याचे खाणे तोडण्याची जुनी रीत आहे. ज्या काळात निसर्ग त्याला मैलोन्‌मैल चालायला सांगतो, नेमक्या त्याच काळात त्याला चार पावलेही टाकता येत नाहीत. अशा हत्तीने मिरवणुकीत कोणाला चिरडले की दोष हत्तीला लागतो. गर्दी, वाद्ये आणि फटाके यांमध्ये मदातला नर उभा करणाऱ्या माणसाचा तो दोष आहे.

महाराष्ट्राला हा विषय आता जवळचा आहे. २००२ पासून कर्नाटकातून रानहत्ती सिंधुदुर्गात आणि कोल्हापूरच्या चंदगड, आजरा भागात येत आहेत. २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेला कळप गडचिरोलीत वावरतो आहे. दोडामार्गच्या माड-पोफळीच्या बागांचे आणि भातशेतीचे नुकसान खरे आहे आणि शेतकऱ्याला त्याची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण बातमीत प्रत्येक चिडलेल्या हत्तीला ‘पिसाळलेला’ म्हणणे थांबवले पाहिजे. पिसाळते ते कुत्रे, रोगाने. मदातला टस्कर रोगी नसतो, तो भर तब्येतीत असतो. पिसाळलेला म्हटले की त्याला मारण्याची भाषा सुरू होते. मदात आलेला म्हटले की काही आठवडे वाट सोडण्याची समज येते.

हत्तींच्या वाटेवर राहणाऱ्यांनी आणि तिथे फिरायला जाणाऱ्यांनी तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात : डोळा आणि कान यांच्यामध्ये सूज व गालावर काळा ओला ओघळ, सतत गळणारी लघवी आणि ओले मागचे पाय, आणि लांबून येणारा उग्र वास. यांतली एकही दिसली तर मागे फिरा, वनखात्याला कळवा, इतरांना थांबवा. दगड मारू नका, फटाके लावू नका, मोबाइल काढून पुढे जाऊ नका. मदातल्या हत्तीला वाट हवी असते. ती त्याला द्या.